आमची गॅस एजन्सी: पाचपैकी अडीच तारे, त्यातले दीड मेकॅनिकचे

जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. घर मार्केट यार्डाच्या मागच्या कॉलनीत, घरात पाच माणसं. दिवसा शिवणकाम करते, सकाळ-संध्याकाळ ओटा माझ्याकडे. गॅसचं कनेक्शन माझ्या नावावर आहे आणि एवढ्या वर्षांत एजन्सी बदललेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा मला अधिकार आहे असं मी मानते. नाव मात्र लिहिणार नाही. एक तर माझी एक तक्रार अजून निकाली निघायची आहे. दुसरं म्हणजे जे मी सांगणार आहे ते माझ्या नात्यातल्या बायका आपापल्या गावच्या एजन्सीबद्दल जवळजवळ तसंच सांगतात. आपल्या एजन्सीला यातलं काय लागू पडतं ते ज्याचं त्यानं ताडून बघावं.

आधी चांगलं.

बुकिंग सोपं आहे. मिस्ड कॉल दिला की नोंद होते, व्हॉट्सअ‍ॅपवरही होते. माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही, तरी त्या स्वतः हंडी, म्हणजे गॅसचा सिलिंडर, बुक करतात. नंतर मेसेजमध्ये कोड येतो, हंडी आली की तो हंडीवाल्या भाऊंना सांगायचा. हा कोड फार कामाचा आहे. पूर्वी आपल्या नावावरची हंडी परस्पर कुठल्यातरी हॉटेलात जायची आणि आपल्याला पुढच्या बुकिंगच्या वेळी कळायचं. आता ते अवघड झालंय. फक्त एक पाळा: हंडी दारात उतरल्याशिवाय कोड सांगू नका. "ताई, कोड सांगून ठेवा, हंडी संध्याकाळी पाठवतो" असा फोन आला तर सरळ नाही म्हणा.

आमच्या कॉलनीत हंडी बहुतेक दोन-तीन दिवसांत येते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी आणि श्रावणात कानबाईच्या दिवसांत थोडी लांबते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या दिवसांत घरोघरी चूल आणि गॅस दोन्ही पेटलेले असतात.

आणि मेकॅनिक. या माणसासाठी मी पाचपैकी पाच देईन.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वहिनींकडे बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या होत्या. ज्वारीच्या घाट्याचं मोठं पातेलं शेगडीवर, चार बायका मदतीला. निम्म्यात हंडी संपली, दुसरी लावली आणि वास सुटला. रेग्युलेटर बंद केला तरी वास जाईना. दारं-खिडक्या उघडल्या, विजेच्या बटणाला कुणाला हात लावू दिला नाही, पोरांना गल्लीत काढलं आणि मी अंगणात येऊन १९०६ ला फोन लावला. हा नंबर फक्त गॅसगळतीसाठी आहे, रात्रंदिवस चालतो, तुमचा गॅस कोणत्याही कंपनीचा असो. फोन उचलणाऱ्या मुलीनं गाव विचारलं, ग्राहक क्रमांक विचारला, तोपर्यंत काय करायचं ते नीट सांगितलं. घाटा पुरता निवायच्या आत मेकॅनिक भाऊ मोटारसायकलवर हजर. हंडीच्या तोंडात आत रबराचं वायसर असतं ते चिरलेलं होतं. त्यांनी ते काढून आमच्या हातावर ठेवलं, नवं बसवलं, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते दाखवलं. वहिनी पैसे द्यायला लागल्या तर त्यांनी हात जोडले. म्हणाले, "गळतीचे पैसे नसतात, आक्का."

एवढ्यावर ते गेले नाहीत. पाईप बघितला. नारिंगी पाईपवर वर्ष छापलेलं असतं आणि पाच वर्षांनी तो बदलायचा असतो, हे त्या दिवशी चारही बायकांना कळलं. मग हंडीच्या गळ्याजवळच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात ते वाचायला शिकवलं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, पुढे सी आणि डी. सी-२९ असेल तर जुलै ते सप्टेंबर २०२९ मध्ये त्या हंडीची पुन्हा चाचणी व्हायला हवी. तारीख उलटून गेलेली हंडी दारात आली तर घ्यायची नाही, बदलून मागायची. "आणि नवी हंडी आली की भाऊंना टोपण काढून तिथंच गळती तपासायला लावा, ते त्यांचं काम आहे," हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे त्या दिवशीची पळापळ हंडी देतानाच टळायला हवी होती. एजन्सीचाच माणूस हे मोकळेपणानं सांगतो, याचं मला फार कौतुक वाटलं.

आता बाकीचं.

पावतीवर जी रक्कम छापलेली असते ती घरपोच सेवेसकट असते. कितव्याही मजल्यावर राहा, एजन्सीच्या घरपोच हद्दीत वेगळे पैसे नाहीत. उलट आपण स्वतः गोदामावरून हंडी उचलून आणली तर घरपोचचा आकार किमतीतून वजा करून मिळायला हवा. आमच्याकडे वर्षानुवर्षं पावतीपेक्षा तीस रुपये जास्त घेतात. सुटे नाहीत म्हणून सुरू झालं आणि दर होऊन बसलं. पावती मागितली तर "एजन्सीत मिळेल". एजन्सीत गेलं तर "गाडीवाल्याकडे असेल".

यात हंडीवाल्या भाऊंना दोष देणं मला पटत नाही. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. त्या उन्हात तीस किलोचं लोखंड खांद्यावर घेऊन जिना चढणाऱ्या माणसाला मी माठातलं पाणी देते आणि वाटलं तर दहा रुपयेही देते. पण ते माझ्या मनानं. घरपोच पोहोचवण्याचे पैसे एजन्सीच्या कमिशनमध्ये धरलेले असतात, त्यातून त्या माणसाला नीट मजुरी देणं हे मालकाचं काम आहे. मालक ते माझ्याकडून तीस-तीस रुपयांनी वसूल करणार आणि भांडण लावणार माझं आणि त्या भाऊंचं, हे मला चालत नाही. पावती न देणं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्टपणे अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. त्याच कायद्यात सेवेच्या व्याख्येत वीज आणि इतर ऊर्जेचा पुरवठा नाव घेऊन लिहिलेला आहे. घरात येणारा गॅस ही आपण पैसे मोजून घेतलेली सेवा आहे, हे काउंटरवर बोलताना ध्यानात ठेवलं की आवाज आपोआप स्थिर राहतो.

वजनाचं थोडं सविस्तर सांगते, कारण बायका इथेच गप्प बसतात.

घरगुती हंडीत १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या हंडीचं वजन त्याच गळ्याजवळच्या पट्टीवर कोरलेलं असतं आणि ते प्रत्येक हंडीचं वेगळं असतं. समजा १५.३ लिहिलंय, तर भरलेली हंडी २९.५ भरली पाहिजे. दीडशे ग्रॅम इकडेतिकडे नियमात बसतं, त्यापेक्षा कमी नाही. हंडी देणाऱ्याजवळ वजनकाटा असणं बंधनकारक आहे आणि आपण म्हटलं की त्यानं मोजून दाखवायचं असतं. माझी हंडी लवकर संपायला लागली तेव्हा मी काटा मागितला. "काटा गाडीवर नाही." पुढच्या वेळी, "काटा बिघडलाय." मग एकदा हंडी उतरल्याबरोबर, सील न तोडता, समोरच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. हंडीवाले भाऊ समोर उभे होते. किलोभर गॅस कमी भरला. तेव्हाच्या साडेआठशेच्या आसपासच्या हंडीत एक किलो म्हणजे साठ रुपये. काट्याचा आकडा, पट्टीवरचं वजन आणि सील, तिन्ही एका फोटोत येतील असा फोटो काढला.

एजन्सीत फोटो दाखवला तर काउंटरवरचे म्हणाले, "ताई, किराणा दुकानाचा काटा आम्ही मानत नाही." मी म्हटलं, तुमच्या काट्यावर मोजा. त्यांनी मोजलं नाही. मग मी कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर, १८००-२३३-३५५५ वर, तक्रार नोंदवली आणि तक्रार क्रमांक लिहून घेतला. आठवड्याभरात कंपनीच्या विक्री अधिकाऱ्यांचा फोन आला, एजन्सीचा माणूस लोंबता काटा घेऊन घरी आला, हंडी मोजली आणि बदलून दिली. तेव्हापासून आमच्या गल्लीत गाडीवर काटा असतो. अजूनही मागितल्याशिवाय कुणी मोजत नाही, म्हणून मी दरवेळी मागते. शेजारच्या बायकाही आता मागतात. काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का आणि वर्ष आहे का तेही बघतो.

माझं भांडण खरं म्हणजे कॉलनीसाठी नाहीच. आमच्याकडे निदान गाडी येते.

नाल्यापलीकडे मोठी वस्ती आहे. कापूस वेचायला, केळीच्या बागांत, बाजार समितीत हमालीला जाणारी माणसं. तिथल्या मावशी माझ्याकडे ब्लाउज शिवायला येतात, त्यांच्याकडून मला हे कळलं. ही आम्ही तक्रार करण्याआधीची गोष्ट: त्या वस्तीत एजन्सीची गाडी जातच नाही. चौकात उभी राहते. ज्याला हंडी हवी त्यानं रिकामी घेऊन चौकात यायचं, भरलेली घेऊन जायचं. सायकलवर नाहीतर रिक्षात टाकून न्यायची तर आणखी पन्नास रुपये. आणि ते नेहमीचे तीस चौकातही द्यायचे. गाडी कधी येईल ते कुणी सांगत नाही, म्हणून त्या दिवशीची मजुरी बुडते.

या बायकांतल्या बहुतेकींचं कनेक्शन उज्ज्वला योजनेतलं. १ मे २०१६ ला ती योजना सुरू झाली, अनामत न भरता गॅस मिळाला, आणि त्यांच्या घरात पहिल्यांदा निळी ज्योत पेटली. मला तो काळ आठवतो, फार आनंद होता. वर्षातल्या ठरावीक हंड्यांमागे अनुदान खात्यात येतं, पण आधी पूर्ण रक्कम हातात असावी लागते. राज्याच्या अन्नपूर्णा योजनेतल्या वर्षाच्या तीन हंड्यांचंही तसंच, पैसे नंतर खात्यात. ज्या घरात रोजच्या मजुरीवर रोजचं पीठ येतं तिथं हंडीची पूर्ण रक्कम एका दिवशी उभी करणं हेच मोठं काम. त्यात अनुदानातले ऐंशी रुपये चौकातच संपतात. म्हणजे गावात गॅससाठी सगळ्यांत जास्त पैसे कोण मोजतं, तर सगळ्यांत गरीब बाई. मी कॉलनीत बसून तीस रुपयांचं दुःख सांगते आणि ती ऐंशी देऊन हंडी चौकातून घरी नेते. हे मला सहन होत नाही.

म्हणून मग त्या परत चुलीकडे वळतात. आपल्याकडे कापूस निघाला की पऱ्हाट्यांना, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांना, तोटा नसतो. हिवाळ्यात पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आपण सगळे आवडीनं खातो, त्या धुराचीच ती चव. पण रोजच्या दोन वेळच्या भाकरी बंद झोपडीत पऱ्हाट्यांवर थापणाऱ्या बाईचे डोळे आणि छाती जवळून बघितली म्हणजे त्या धुराबद्दल प्रेमानं बोलवत नाही. एका मावशींना मी विचारलं, तुम्ही एजन्सीत जाऊन सांगत का नाही? त्या म्हणाल्या, "सांगं ना. मी काय फुकट लेस का बहीन? पैसा तं मी बी तितलाच देस." काउंटरवर त्यांना उत्तर मिळालं होतं की तुमचा गॅस सरकारी आहे, मिळतो तसा घ्या. अनुदान सरकार देतं हे खरं. पण घरपोच सेवेचे पैसे त्यांच्याही पावतीत धरलेले असतात आणि ग्राहक म्हणून त्यांचा हक्क माझ्याइतकाच आहे. उज्ज्वलाच्या ग्राहकाला चौकात गाठायचं असा नियम कुठेही नाही.

इथे ताऱ्यांबद्दल सांगायला हवं. तेल कंपन्यांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक एजन्सीला तारे दिलेले दिसतात. बुकिंगनंतर हंडी किती दिवसांत पोहोचते यावर ते ठरतात. आमच्या एजन्सीचे तारे चांगले आहेत. असणारच, कारण चौकात कोड घेतला की नोंदीत ती हंडी घरपोच झाली. दारात उतरली की चौकात, वजन भरलं की नाही, पावती मिळाली की नाही, यातलं काहीच त्या ताऱ्यांत येत नाही. माझे अडीच तारे आणि कंपनीचे तारे जुळत नाहीत ते यामुळे.

आणखी दोन गोष्टी, दोन्ही काउंटरवरच्या.

माझ्या भाचीचं लग्न झालं, तिला नवं कनेक्शन घ्यायचं होतं. एजन्सीनं सांगितलं, शेगडी आमच्याकडूनच घ्यावी लागेल. शेगडी आयएसआय मार्कची असली की ती कुठूनही घेतलेली चालते. तुम्ही दुसरीकडून आणली तर एजन्सी ती तपासू शकते, नाकारू शकत नाही. एक वस्तू घेतल्याशिवाय दुसरी देणार नाही असं म्हणणं ग्राहक कायद्यात निर्बंधित व्यापारी प्रथा ठरते. भाचीच्या यजमानांनी "हे लेखी द्या" एवढंच म्हटलं आणि कनेक्शन शेगडीशिवाय मिळालं. लेखी द्या, हे शब्द लक्षात ठेवा.

केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवून घेण्याच्या, वेळी तर रांगा लागल्या होत्या. नाल्यापलीकडच्या बायका मजुरी बुडवून आल्या आणि पाईप घेतल्याशिवाय अंगठा घेणार नाही असं त्यांना सांगितलं गेलं. केवायसीला पैसे लागत नाहीत. ती कंपनीच्या अ‍ॅपवर घरबसल्या चेहरा दाखवूनही होते, हंडी द्यायला आलेले भाऊही करून देऊ शकतात. पाईप जुना झाला असेल तर जरूर बदला, मेकॅनिक भाऊंनी सांगितलंय तसं. पण तो वेगळा व्यवहार. कितीतरी बायकांनी त्या दिवशी चांगले पाईप असताना नवे घेतले.

वस्तीची तक्रार मी कशी केली ते लिहिते, कुणाला उपयोग होईल. ग्राहक पंचायतीचे एक कार्यकर्ते आमच्या गावात आहेत, निवृत्त शिक्षक. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या या चळवळीची माणसं आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात भेटतात. २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिनाला तहसील कार्यालयात कार्यक्रम होतो, तिथं सरांशी ओळख झाली. त्यांनी सांगितलं, एकेकीनं तोंडी बोलून काही होणार नाही, प्रत्येकीच्या ग्राहक क्रमांकासह एक अर्ज करा. तसा केला. मावशींच्या सह्या, ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे, कुणाकडून किती जादा घेतले ते, आणि गाडी चौकात उभी असल्याचे फोटो. एक प्रत एजन्सीला देऊन पोच घेतली. एक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्यांना, एक तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत. शिवाय राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, नोंद. तिथं मराठीत बोलता येतं.

एजन्सीचं लेखी उत्तर आलं: रस्ता अरुंद आहे, गाडी वळत नाही. रस्ता अरुंद आहे हे खरंच आहे. पण त्याच रस्त्यानं पाण्याचा टँकर जातो, तो फोटो सरांनी दुसऱ्या अर्जाला जोडला. त्यानंतर अधिकारी स्वतः येऊन वस्ती बघून गेले. नाल्याच्या मोरीपर्यंत छोटी गाडी आणि तिथून हातगाडीनं दारापर्यंत, असं ठरलं. जादा तीस रुपये त्या वस्तीत बंद झाले. ज्यांच्याकडून आधी घेतले होते त्यांना मात्र काही परत मिळालेलं नाही, आणि तीच तक्रार अजून उघडी आहे. तिच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायची आमची तयारी आहे. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर आयोगात शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, एवढं सांभाळायचं.

"एजन्सीच बदल ना," असं माझी बहीण म्हणते. ती शहाद्याकडे असते. एकाच कंपनीच्या दुसऱ्या एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करून जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. दुसऱ्या कंपनीकडे जायचं तर हंडी आणि रेग्युलेटर परत करून जायचं. शहरात हे ठीक आहे. आमच्यासारख्या गावात एका कंपनीची एजन्सी एकच, आणि नाल्यापलीकडच्या वस्तीत दुसऱ्या कंपनीची गाडीही जात नाही. बहिणीच्या तिकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांत तर अंतरच फार. अशा भागांसाठी दुर्गम क्षेत्रीय वितरक नेमायची सोय नियमांत आहे. पाड्यात राहणाऱ्यांनी आपल्या भागात असा वितरक आहे का, त्याची घरपोच हद्द कुठवर आहे, हे कंपनीला लेखी विचारावं. एकदम मोठी हंडी घेणं परवडत नसेल तर उज्ज्वलाच्या ग्राहकांना पाच किलोच्या छोट्या हंडीचा पर्याय आहे. वाहायला हलकी, पैसेही एका वेळी कमी. आमच्या एजन्सीच्या फलकावर याचा उल्लेखसुद्धा नाही.

फलकावर नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे विमा. गॅसच्या अपघातासाठी तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो, आपल्याला वेगळा हप्ता नाही. मृत्यू झाला तर माणशी सहा लाख, उपचारांना माणशी दोन लाखांपर्यंत, घराच्या नुकसानीला दोन लाखांपर्यंत. घराच्या नुकसानीसाठी अपघात नोंदवलेल्या पत्त्यावर झालेला असावा लागतो आणि एजन्सीला लगेच लेखी कळवावं लागतं. म्हणून घर बदललं की पत्ता बदलून घ्या. नाल्यापलीकडच्या वस्तीत एकीलाही हे ठाऊक नव्हतं.

तर हिशेब असा. मेकॅनिकचे दीड तारे, त्यांना पूर्ण पाच द्यायची माझी इच्छा असली तरी. बुकिंग आणि कोडचा अर्धा. तक्रारीनंतर काटा गाडीवर आला आणि वस्तीत हातगाडी जायला लागली, त्याचा अर्धा. पावती, जादा पैसे, शेगडीची सक्ती आणि काउंटरवरचं बोलणं यांचा शून्य. जादा घेतलेले पैसे मावशींना परत मिळाले आणि हातगाडी पावसाळ्यातही मोरी ओलांडून गेली तर मी हे तारे वाढवीन. गेल्या आठवड्यात हातगाडीचं चाक मोडलं म्हणून गाडी पुन्हा चौकातच उभी राहिली होती. सरांनी त्याच दिवशी फोटो काढला आणि आम्ही तक्रार नोंदवून नवा क्रमांक घेतला.